सहा तासांचे अंतर

नागपूरचा विमानतळ आणि जेद्दाचा विमानतळ यांच्यात हवाई अंतर किती, असे कोणी विचारले तर उत्तर सोपे आहे. सुमारे ४,१२० किलोमीटर. विमानाला लागणारा वेळ सुमारे सहा तास. जेद्दाचे घड्याळ आपल्या घड्याळाच्या अडीच तास मागे असते. त्यामुळे सकाळी दहाला नागपूर सोडणारा माणूस तिथल्या घड्याळाप्रमाणे दुपारी दीडला उतरतो; जणू साडेतीन तासांतच पोचला. परतीच्या वाटेवर तेच घड्याळ आपले अडीच तास वसूल करून घेते. हे सारे आकडे बरोबर आहेत. आकड्यांची चूक काढणे हा या लेखाचा हेतू नाही. हे आकडे माणसांची किंमत ठरवण्यासाठी वापरले जाऊ लागले की काय होते, एवढाच विचार आम्हाला वाचकांपुढे ठेवायचा आहे.

अलीकडे एक वाक्य आम्ही कब्रस्तानच्या फाटकापाशी आणि तिथून परतताना चहाच्या टपरीवर वारंवार ऐकतो. मय्यत झालेल्या घरचा एखादा मुलगा सौदीत किंवा कतारमध्ये नोकरीला असतो. तो मिट्टीला पोचत नाही. मग कोणीतरी म्हणते, "आजकाल काय, सहा तासांचा तर प्रवास. यायचे असते तर आला असता." ऐकणारे माना डोलावतात. त्या मुलाची आई आत बायकांत बसलेली असते. फिरत फिरत ते वाक्य तिच्याही कानावर जाते. एका आकड्याने एका माणसाचा निकाल लावलेला असतो, आणि बाजू मांडायला तो माणूस तिथे हजर नसतो.

प्रश्न असा आहे : अंतर कापायला लागणारा वेळ कमी झाला, की माणसाचे कर्तव्य त्याच प्रमाणात वाढते काय? कालपर्यंत जो उज्र मान्य होता तो आज अमान्य ठरतो काय? आणि ठरत असेल, तर तो ठरवायचा अधिकार कोणाचा?

आधी त्या सहा तासांकडेच जरा नीट पाहू. ते विमानाचे सहा तास आहेत, माणसाचे नव्हेत. आमच्या जिल्ह्यातून तर विमानापर्यंत पोचणे हाच एक सफर आहे. यवतमाळजवळ भारी येथे धावपट्टी आहे, पण तिथून नियमित प्रवासी विमानसेवा नाही. अमरावतीजवळच्या बेलोरा विमानतळावरून १६ एप्रिल २०२५ रोजी मुंबईची सेवा सुरू झाली. सुमारे ५४० किलोमीटरचे हवाई अंतर आणि पावणेदोन तासांच्या आसपासचा वेळ. एरवी त्यासाठी रात्रभराचा रेल्वेप्रवास करावा लागे. परदेशी जायचे तर मात्र आमच्याकडच्या माणसाची नजर नागपूरकडेच वळते. विदर्भातले बहुतेक हाजीही तिथूनच निघत आले आहेत. यवतमाळ शहरापासून नागपूर दीडशे किलोमीटर. उमरखेडहून धरले तर अडीचशेच्या वर. एसटीने पाच-सहा तास सहज जातात. म्हणजे उमरखेड ते नागपूर हे अडीचशे किलोमीटर आणि नागपूर ते जेद्दा हे चार हजार किलोमीटर, ही दोन अंतरे वेळेच्या तराजूत जवळजवळ सारखी भरतात. त्यात हज हाऊसमधला मुक्काम, कागदपत्रे, विमानतळावरची तासन्‌तास चालणारी तपासणी आणि जेद्दाहून पुढे मक्केपर्यंतचे ऐंशीएक किलोमीटर मिळवा. छापील सहा तास केव्हाच कितीतरी मागे राहतात.

शाळेत वेग, वेळ आणि अंतराची गणिते शिकवताना आम्हाला या गोष्टीचा नेहमी प्रत्यय येतो. दोन शहरांमधले अंतर दिले आहे, विमानाचा वेग दिला आहे, वेळ काढा. मुले भागाकार करतात आणि उत्तर बरोबर येते. मग एखादा चौकस मुलगा विचारतो, "और एसटी का टाइम कहाँ लिखना?" गणिताच्या पुस्तकात त्यासाठी रकाना नसतो. एकदा वर्गात आम्ही सहज विचारले, कोणाचे नातेवाईक सर्वांत दूर राहतात? कोणी हैदराबाद म्हणाले, कोणी भिवंडी. एक मुलगी म्हणाली, "मेरे अब्बा. दो साल." तिने किलोमीटर सांगितले नाहीत, तासही सांगितले नाहीत. वडिलांना दोन वर्षांनी एकदा रजा मिळते, हे तिचे माप होते. गणित म्हणून उत्तर चूक होते. पण तिच्या घरापुरते त्याहून अचूक माप दुसरे नव्हते.

आता थोडे मागे जाऊ. मुंबईहून जेद्दाला हाजींची जहाजे जात. सागरी अंतर सुमारे २,३०० नॉटिकल मैल. जुन्या जहाजांना बारा ते पंधरा दिवस लागत. १९९५ मध्ये ही जहाजे बंद झाली आणि सारा प्रवास आकाशातून होऊ लागला. आमच्या आजोबांच्या पिढीत हजला निघालेला माणूस घरादाराचा निरोप घेऊन, देणीघेणी चुकती करून, सगळ्यांकडून माफी मागून निघत असे. परत येईल की नाही याची खात्री नसे. त्याच्या पाठीमागे घरात कोणी वारले, तर "तू का आला नाहीस?" असे त्याला विचारण्याचे कोणाच्या मनातही येत नसे. दर्याने उत्तर आधीच देऊन ठेवलेले असे.

त्याहूनही मागे गेले तर इब्न बतूताचे उदाहरण आहे. १३२५ मध्ये तो मोरोक्कोतल्या तंजा शहरातून हजसाठी निघाला आणि १३२६ मध्ये मक्केला पोचला. पुढे तो फिरतच राहिला. दिल्लीत मुहम्मद तुघलकाच्या पदरी काझी झाला, आपल्या दौलताबादेतही येऊन गेला. १३४८ मध्ये दमास्कसला असताना त्याला कळले की आपले वडील पंधरा वर्षांपूर्वीच वारले. पुढच्या वर्षी तो मायदेशी पोचला, तेव्हा आई काही महिन्यांपूर्वी प्लेगमध्ये गेल्याची खबर मिळाली. त्याचा उज्र कोणता होता? वाळवंटे, समुद्र, लढाया, साथी. हे सारे खरे. पण मधल्या वर्षांत त्याने परतीची वाट धरली नाही, हेही खरे. अंतर होते की इच्छा नव्हती, हे आज आपण ठरवू शकत नाही. त्या काळचे लोकही ठरवू शकले नसते. अंतर एवढे मोठे होते की त्याच्या आडोशाला नाइलाज आणि नाराजी दोन्ही शेजारी शेजारी बसू शकत.

विमानाने हा आडोसा काढून घेतला. ज्याची इच्छा नव्हती तो उघडा पडला, हे बरेच झाले. पण ज्याचा नाइलाज होता तोही त्याच उन्हात उभा राहिला, आणि दुरून पाहणाऱ्याला दोघांत फरक दिसेनासा झाला.

यात आणखी एक गोष्ट घडली. पूर्वी खबर आणि माणूस एकाच वेगाने प्रवास करीत. जे जहाज पत्र नेई तेच माणसालाही नेई. पत्र पोचेपर्यंत दफन होऊन आठवडे लोटलेले असत. धावत सुटण्यात अर्थच नसे. मग तार आली आणि खबर माणसाच्या पुढे धावू लागली. आज तर खबर क्षणात पोचते. फजरला दिग्रसमध्ये आई गेली, तर जेद्दातल्या मुलाला त्याच मिनिटाला कळते. मोबाइलच्या पडद्यावर त्याला तिचा चेहराही दाखवला जातो. मात्र त्याचे शरीर तिथेच असते. त्याला कामावरून रजा मागायची, देशाबाहेर जाऊन परत येण्याचे कागद पाहायचे, तिकीट शोधायचे. हजचा मोसम सोडला तर बहुधा मुंबई किंवा हैदराबादमार्गे यायचे, पुढचे विमान वा रेल्वे पकडायची, तिथून मोटार करून दिग्रस गाठायचे. सगळे जुळून आले तरी दुसऱ्या दिवसाची रात्र उजाडत नाही असे क्वचितच होते. इकडे मय्यतीला घाईने दफन करावे, अशी पैगंबर (स.) यांची शिकवण आहे. आमच्याकडचा मे महिना तर मय्यतीला थांबू देत नाही. मुलाला यायला दीड दिवस लागतो आणि दफन सहा तासांत उरकते. खबर आणि पाय यांच्या वेगातले हे अंतर आधीच्या पिढ्यांना सोसावे लागले नव्हते. ते सोसणाऱ्याला आपण वर सुनावतो की प्रवास तर सहाच तासांचा आहे.

मग कर्तव्य मोजायचे कसे? इथे आपल्या शरीअतने प्रवासाचा विचार कसा केला आहे, तो पाहण्यासारखा आहे.

नमाजेसाठी दिशा लागते, अंतर लागत नाही. यवतमाळहून किबला पश्चिमेच्या किंचित उत्तरेला, साधारण आठ-नऊ अंशांवर आहे. तिकडे तोंड केले की पुरे. मक्का किती किलोमीटरवर आहे हे नमाज विचारीत नाही, म्हणून ती गरीब-श्रीमंत सर्वांवर सारखीच फर्ज आहे. हजसाठी मात्र अंतर कापावे लागते. म्हणून कुरआनने तिथे शर्त घातली : ज्याला वाट परवडेल त्याच्यावर. याला इस्तिताअत म्हणतात. फकीहांनी ती उलगडून सांगितली. वाटखर्च हवा, वाहन हवे, मागे राहणाऱ्या कुटुंबाच्या पोटापाण्याची तजवीज हवी, शरीर धड हवे, रस्ता सुरक्षित हवा. या यादीत कुठेही अंतराचा आकडा नाही. मक्केपासून इतक्या मैलांच्या आत राहतो त्याच्यावर फर्ज, त्यापलीकडच्याला माफ, असे म्हटलेले नाही. अंतर जमिनीवर मोजले जाते, इस्तिताअत माणसागणिक मोजावी लागते. एकाच गल्लीतल्या दोन भावांपैकी एकावर हज फर्ज असू शकते आणि दुसऱ्यावर नसू शकते. दोघांपासून काबा मात्र तेवढाच दूर असतो.

मुसाफिराच्या सवलतीत याच्या उलट रीत दिसते, आणि तीही विचार करण्याजोगी आहे. हनफी मतानुसार तीन दिवसांच्या वाटचालीचा सफर असला की चार रकअतींची फर्ज नमाज दोन रकअतींची होते. तिला कसर म्हणतात. म्हणजे मूळ माप वेळेचे होते. आपल्याकडच्या उलेमांनी पुढे त्याचे ४८ मैल, म्हणजे सुमारे ७७ किलोमीटर ठरवले. यवतमाळहून दारव्ह्याला गेलेला मुसाफिर ठरत नाही. पुसदला गेलेला ठरतो. मग मोटार आली, विमान आले. तीन दिवसांची वाट तासाभरात कापली जाऊ लागली. तेव्हा कोणी म्हणू शकले असते की आता त्रास उरला नाही, तर सवलतही काढून घ्या. पण सवलत कायम राहिली. फकीहांचे म्हणणे असे की हुकूम ज्याला बांधलेला असतो ती इल्लत वेगळी आणि त्यामागचा हेतू, म्हणजे हिकमत, वेगळी. सवलतीमागचा हेतू त्रास कमी करण्याचा असेल. पण हुकूम बांधला आहे तो सफरला. सफर आहे तर सवलत आहे. त्रास कोणाला किती झाला, याची उलटतपासणी होत नाही.

याला एक जुना प्रसंग आधार आहे. कुरआनमध्ये कसरचा उल्लेख शत्रूच्या भीतीच्या संदर्भात येतो. पुढे शांतता नांदू लागली. तेव्हा याला बिन उमय्या यांनी हजरत उमर (र.) यांना विचारले, की आता तर भीती उरली नाही, मग कसर कशासाठी? हजरत उमर (र.) म्हणाले की हाच प्रश्न मलाही पडला होता आणि मी तो पैगंबरांना (स.) विचारला होता. त्यांना मिळालेले उत्तर असे होते की हा अल्लाहने तुमच्यावर केलेला सदका आहे, तो स्वीकारा. आम्हाला या उत्तरात मोठी समज दिसते. एकदा दिलेली मोकळीक देणारा परिस्थिती जरा सुधारली म्हणून परत मागायला येत नाही. आपण माणसे मात्र विमानाचे वेळापत्रक हातात घेऊन एकमेकांच्या सवलती रद्द करीत सुटतो.

रस्ता सुरक्षित हवा या शर्तीचा अर्थ २०२० साली साऱ्या जगाला कळला. त्या वर्षी मार्चच्या चौथ्या आठवड्यात भारतातली आंतरराष्ट्रीय विमाने थांबली. नियमित आंतरराष्ट्रीय उड्डाणे पुन्हा सुरू झाली ती २७ मार्च २०२२ ला. मधल्या काळात जे काही चालले ते खास परवानगीने. २०२० च्या हजला सौदीबाहेरून कोणालाच जाता आले नाही. नागपूर ते जेद्दा हे अंतर त्या काळातही ४,१२० किलोमीटरच होते. विमानाचा वेगही तोच होता. पण वाटच नव्हती. त्या दिवसांत कोणी कोणाला "सहाच तास तर लागतात" असे म्हणाले नाही, कारण सगळ्यांचीच वाट एकदम बंद झाली होती. एकट्याची वाट बंद असते तेव्हा ती आपल्याला दिसत नाही, एवढाच फरक.

आणि एकट्याची वाट कितीतरी कारणांनी बंद असते. आखाती देशांत वर्षानुवर्षे परदेशी कामगाराला देशाबाहेर पडायचे तर मालकाची परवानगी लागे. मार्च २०२१ मध्ये सौदी अरेबियाने खासगी क्षेत्रातल्या बऱ्याच कामगारांना अशा परवानगीशिवाय बाहेर जाऊन परत येण्याची मुभा दिली. घरकामगार आणि घरचे ड्रायव्हर यांना त्या वेळी त्यातून वगळले होते. म्हणजे एकाच विमानतळापासून एकाच अंतरावर राहणाऱ्या दोन कामगारांपैकी एकाला विमान होते आणि दुसऱ्याला नव्हते. कोणावर एजंटाचे कर्ज असते. कोणाच्या एका तिकिटात घरचा तीन महिन्यांचा खर्च जातो. कोणी आला तर परत कामावर घेतले जाण्याची खात्री नसते, आणि त्याच्या त्या नोकरीवर धाकट्या बहिणीचे लग्न ठरलेले असते. या कशाचाच आकडा विमानाच्या वेळापत्रकात छापत नाहीत.

यवतमाळ हा कापसाचा जिल्हा. मापात पाप म्हणजे काय, हे इथल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. काट्यावर गाडी चढवली की क्विंटलमागे किलो-दोन किलो कापून धरायचे, आणि विकताना मात्र ग्रॅमसुद्धा सोडायचा नाही, असे व्यापारी त्याने पाहिले आहेत. कुरआनच्या एका सूरेचे नावच अशा लोकांवरून पडले आहे. सूरह मुतफ्फिफीन : घेताना पुरेपूर मोजून घेणारे आणि देताना घट करणारे. ही सूरह फक्त दुकानदारांना उद्देशून आहे असे समजणे चूक ठरेल. दुसऱ्याचा उज्र मोजताना आपण विमानाचे तास लावतो. स्वतःचा उज्र मोजताना मात्र रजा नाही, पैसे नाहीत, मुलांची परीक्षा आहे, कंबर दुखते, असे सगळे धरतो. हीही मापातलीच घट आहे. सौदीतल्या मुलाला सहा तासांचा हिशेब सांगणारा माणूस यवतमाळहून नागपूरला दवाखान्यात पडलेल्या स्वतःच्या बहिणीला भेटायला गेला होता का? ते अंतर तर तीन-साडेतीन तासांचेच आहे.

म्हणून आम्हाला एक साधी रीत सुचवावीशी वाटते. दुसऱ्याचे अंतर मोजायचे तेव्हा जहाजाचे माप लावावे. स्वतःचे अंतर मोजायचे तेव्हा विमानाचे लावावे.

यावर दोन हरकती येतील. पहिली अशी की याने कामचुकारांचे फावेल. जो खरोखर येऊ शकत होता आणि आला नाही, तोही जहाजाच्या मापाआड लपेल. हे खरे आहे. काही जण लपतील. पण तसे मुसाफिराच्या सवलतीतही होतेच. वातानुकूलित डब्यात आरामात बसलेला मनुष्यही दोनच रकअती पढतो आणि उन्हातान्हात पायपीट करणाराही दोनच. शरीअतने आरामात बसलेल्याला पकडण्यासाठी पायपीट करणाऱ्याची सवलत काढून घेतली नाही. नीयतीचा हिशेब जो ठेवतो तो ठेवीलच. आपण तो हिशेब आपल्याकडे घेतला तर दहा निर्दोष माणसे एका दोषीबरोबर बदनाम होतात, आणि त्या दहांच्या आयाही.

दुसरी हरकत अधिक अवघड आहे. स्वतःला विमानाचे माप लावायचे म्हणजे गरिबाने काय कर्ज काढून उडायचे? लोक काय म्हणतील या धाकाने सावकाराकडे जायचे? नाही. विमानाचे माप म्हणजे स्वतःवर जुलूम नव्हे. ज्याच्यावर कर्जाचा डोंगर आहे त्याच्यावर हजसुद्धा फर्ज होत नाही, मग मिट्टीला पोचणे कसे होईल? स्वतःसाठी विमानाचे माप म्हणजे एवढेच, की मला जे खरेच जमण्यासारखे होते त्याच्यापुढे किलोमीटरचा पडदा ओढायचा नाही. तिकीट परवडत होते, रजा मिळत होती, वाट मोकळी होती आणि तरी पाय निघाले नाहीत, तर "फार लांब आहे" हे उत्तर आता चालणार नाही. इब्न बतूताला ते चालले असेल. आपल्या हातून ते विमानाने काढून घेतले आहे, आणि हे चांगले झाले असे आम्हाला मनापासून वाटते.

हे माप फक्त परदेशी गेलेल्यांसाठी नाही. उलट ते सर्वांत कठोर होते ते जवळच राहणाऱ्यासाठी. कुरआनने शेजाऱ्याचा हक्क सांगताना नात्यातला शेजारी आणि परका शेजारी दोघांनाही धरले आहे. ज्याच्या घरापर्यंत पोचायला ना विमान लागते ना एसटी, त्याच्याबाबत आपल्याजवळ अंतराचा कोणताच उज्र नाही. मुलगा जेद्दाला असलेली म्हातारी आमच्याच मोहल्ल्यात राहते. तिचे रेशन आणणे, डोळ्यांच्या ऑपरेशनला तिच्याबरोबर जाणे, व्हिडिओ कॉल लावून देणे, हे कोणाचे काम? मुलाने सहा तासांत यायला हवे होते असे म्हणणारे सहा पावलांवर राहतात. त्याच्या न येण्याची चर्चा करण्यात जो वेळ जातो, तेवढ्यात तिच्या घरी दोनदा जाऊन येता येते.

पैगंबरांनी (स.) सफरबद्दल म्हटले आहे की तो त्रासाचाच एक भाग आहे, माणसाचे खाणे, पिणे, झोप त्यात अडते, म्हणून काम झाले की घरच्यांकडे परतण्याची घाई करावी. विमानाने खाण्यापिण्याचा त्रास पुष्कळ कमी केला. पण घरच्यांपासून दूर असण्याचा त्रास कमी करण्याचे यंत्र अजून निघालेले नाही. सहा तासांचा आकडा ऐकून आपण तो त्रासच नाकारू लागलो, तर प्रवास जलद झाला तरी माणसे एकमेकांना अधिक दूर होतील.

शेवटी जो पोचू शकला नाही त्याच्यासाठीही दोन शब्द. मय्यतीला त्याच्यासाठी ताटकळत ठेवू नये, आणि दफन झाले म्हणून त्याची वाट संपली असेही समजू नये. आईबाप गेल्यानंतरही मुलाकडे कामे उरतात, अशी हदीसची शिकवण आहे : त्यांच्यासाठी दुआ आणि मगफिरत मागणे, त्यांनी दिलेला शब्द पाळणे, त्यांच्यामुळे जुळलेली नाती राखणे, त्यांच्या दोस्तांचा मान ठेवणे. यांपैकी दुआला तिकीट लागत नाही. बाकीची कामे तो जेव्हा येईल तेव्हा करू शकतो, दोन महिन्यांनी किंवा दोन वर्षांनी. तो येईल तेव्हा "मिट्टीला का आला नाहीस?" असे त्याला विचारू नये. त्याला घेऊन कब्रस्तानात जावे, कबर दाखवावी, फातिहा पढावी, आणि त्याच्या आईने शेवटच्या दिवसांत काय काय सांगितले ते त्याला नीट सांगावे.